चंद्रपूरच्या उन्हाळ्यात संगणक थंड आणि शांत कसा ठेवावा

चंद्रपूर, बल्लारपूर, ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोली या पट्ट्यातील ज्या व्यापारी आणि कारागीर बंधूंच्या दुकानात किंवा घरात संगणक आहे, त्यांच्यासाठी हा मजकूर आहे. आम्ही कापडाचे व्यापारी. शिक्षण उर्दू शाळेत झाले, आणि संगणकाशी आमचा संबंध बरीच वर्षे बिल छापण्यापुरता होता. तरीही या विषयावर लिहायला बसलो, कारण मे २०२४ मध्ये या यंत्राच्या गरमीपायी आमची एक मोठी ऑर्डर हातची जाता जाता राहिली, आणि त्यात निम्मी चूक आमचीच होती.

आमच्या भाच्याने नागपूरला शिकत असताना खेळासाठी, म्हणजे ज्याला मुले ‘गेमिंग पीसी’ म्हणतात तसा, जोरदार संगणक घेतला होता. आम्ही तेव्हा नाराज झालो. पुढे तो परत आला, दुकानात बसू लागला आणि तोच संगणक आमच्या कामाला आला. एम्ब्रॉयडरी मशीनसाठी नक्षी टाक्यांमध्ये उतरवणे, ड्रेस मटेरियलचे छोटे व्हिडिओ बनवून बाहेरगावच्या गिऱ्हाइकांच्या फोनवर पाठवणे, जीएसटीचा हिशेब, सगळे त्याच्यावर. रात्री दुकान बंद झाल्यावर तो त्यावर खेळतो. त्याला आता आमची हरकत नाही.

विदर्भात शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात हे आपण जाणताच. म्हणून आमच्याकडे गणवेशाचा सीझन मे-जूनमध्ये भरतो. वडशाच्या एका टेलर मास्टरने सहा शाळांच्या बिल्ल्यांची नक्षी आमच्याकडे दिली होती. ऐन दुपारी तीन वाजता, नक्षीत हजारो टाके बसवून झालेले, आणि संगणक धप्पकन बंद. पुन्हा चालू केला, वीस मिनिटांनी पुन्हा बंद. तीन दिवस हाच प्रकार. दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने झाकणसुद्धा न उघडता सांगितले, ‘‘चाचा, बोर्ड गेला. अकरा हजार लागतील.’’ आम्ही पैसे काढणारच होतो, पण भाचा म्हणाला, ‘‘मामू, एक दिवस थांबा. रात्री खोलून बघतो.’’

रात्री जे दिसले त्याची आम्हाला आजही शरम वाटते. दोन वर्षांपूर्वी, गिऱ्हाइकांची मुले बटणे दाबतात म्हणून, आम्ही तो संगणक काउंटरखालच्या लाकडी कपाटात बसवला होता. आणि दुकानातला कापसाचा तुसा आत जाऊ नये म्हणून त्याच्या पुढच्या जाळीवर मांजरपाटाचे दुहेरी कापड ताणून लावले होते. ज्याची उभी जिंदगी कापडाच्या वीणीत गेली, त्याने यंत्राच्या नाकावर मांजरपाट बांधावे! कापडावर करड्या तुशाचा नमद्यासारखा थर जमला होता. कपाटात दिवसभर थर्मामीटर ठेवला. दुकानात पारा ३९ होता तेव्हा कपाटात ५४ निघाला. बोर्डाला काहीही झालेले नव्हते.

आता मुळापासून समजून घेऊ. संगणक जितकी वीज खातो, ती जवळपास सगळी शेवटी उष्णताच होते. पंख्याच्या मोटारीची वीज थोडी तरी हवा ढकलण्यात जाते. इथे सगळे काम चिपच्या आत, नखाएवढ्या जागेत होते. १९९३ साली इंटेलचा पहिला पेंटियम आला तेव्हा तो सुमारे १५ वॅट घेत असे, म्हणजे शून्य बल्बइतकेच. २००४ पर्यंत पेंटियम ४ चे मोठे नमुने शंभर वॅटच्या पुढे गेले आणि उष्णतेपायी कंपनीला वेग वाढवण्याचा बेत सोडून त्या वर्षी चार गिगाहर्ट्झचा नमुना रद्द करावा लागला. खेळाच्या संगणकात प्रोसेसरपेक्षा ग्राफिक्स कार्ड जास्त खाते. एनव्हिडियाचे २०२२ चे सर्वांत मोठे कार्ड एकटे ४५० वॅटचे आहे. आमच्या भाच्याचा संगणक मध्यम दर्जाचा, तरी जोराच्या कामात तो सगळा मिळून ३०० वॅटच्या आसपास घेतो. तीन माणसे एका लहान पेटीत बसली तर जितकी ऊब होईल, तितकी.

ही उष्णता चिपवरून तांब्या-अॅल्युमिनियमच्या पत्र्यांत, म्हणजे हीटसिंकमध्ये जाते, पत्र्यांतून हवेत, आणि पंखे ती हवा बाहेर फेकतात. यात एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: पंखा हवा थंड करत नाही, फक्त बदलतो. म्हणून चिप खोलीच्या हवेपेक्षा थंड कधीच होणार नाही, आणि खोली दहा अंशांनी तापली की तेवढ्याच कामात चिपही साधारण दहा अंशांनी तापते. पुण्या-बंगळूरच्या मुलांनी ज्या सेटिंगने चालवून दाखवले, ते २५ अंशांच्या खोलीत. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५-४६ असताना पत्र्याखालच्या दुकानात दुपारी काय असते, ते सांगायला नको. देशातील सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावे बहुतेक उन्हाळ्यात येतातच.

हवेचा हिशेबही साधा आहे. ३०० वॅटची उष्णता वाहून न्यायची आणि पेटीतली हवा खोलीपेक्षा फक्त १० अंशच जास्त राहू द्यायची, तर मिनिटाला सुमारे दीड घनमीटर हवा पेटीतून गेली पाहिजे. निम्मी हवा गेली की तीच वाढ २० अंशांची होते. आमच्या मांजरपाटाने हेच केले होते, आणि वर कपाटामुळे बाहेर फेकलेली गरम हवा पुन्हा पुढून आत ओढली जात होती.

चिप स्वतःला जपते. आजच्या बहुतेक प्रोसेसरची वरची मर्यादा ९० ते १०० अंशांच्या दरम्यान असते. तिथे पोहोचला की तो आपला वेग कमी करतो, आणि तरीही थंड झाला नाही तर यंत्र बंद करतो. म्हणून जळण्याची भीती फारशी बाळगू नये. खरे नुकसान कामाचे. दुपारी संगणक सुस्त चालतो आणि सकाळी चपळ असतो, असे दिसले तर ते बहुधा व्हायरसमुळे नसते, गरमीमुळे असते. एचडब्ल्यूइन्फोसारखी मोफत प्रणाली टाकून आकडा पाहावा. दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी एवढे जरूर करावे.

आम्ही काय केले ते क्रमाने सांगतो. पहिले म्हणजे कपाटातून बाहेर. संगणक आता काउंटरच्या बाजूला एक फूट उंच तिवईवर आहे, मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडून. जमिनीवर ठेवू नये, कारण कापडाच्या दुकानात तुसा जमिनीलगत लोळतो.

दुसरी सफाई. वीज बंद करून, तार काढून, दुकान उघडण्याआधी तो अंगणात नेला आणि ब्लोअरने उडवला. उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. मोकळी सोडली तर हवेने भलत्या वेगाने फिरतात आणि बेअरिंग खराब होते. हीटसिंकच्या पत्र्यांमधून तुशाची अख्खी पट्टी निघाली, रजईतल्या कापसासारखी. इथे एक गोष्ट आमच्या बंधूंसाठी खास. जुमेरातला दुकानात लोबान फिरवण्याचा आपल्यात रिवाज आहे, कोणी उदबत्ती लावतो. त्या धुराचा चिकट अंश पत्र्यांवर बसतो, त्याला तुसा धरतो, आणि असा मळ नुसत्या हवेने निघत नाही, मऊ ब्रशने घासावा लागतो. लोबान बंद करा असे आम्ही म्हणत नाही. तेवढा वेळ संगणक बंद ठेवा आणि धूपदानी त्याच्यापासून लांब फिरवा. चंद्रपुरात वीज केंद्राची राख आणि कोळशाच्या ट्रकांची काळी धूळ आहे, गडचांदूरकडे सिमेंटची. तिथे महिन्याला एकदा झाकण उघडून पाहिले तरी जास्त होणार नाही.

तिसरी गोष्ट थर्मल पेस्ट. चिप आणि हीटसिंक यांच्यामध्ये जे मलम असते ते काही वर्षांत सुकून खडूसारखे होते. जुने स्पिरिटने पुसावे, नवे वाटाण्याएवढे मधोमध ठेवावे आणि हीटसिंक सारख्या दाबाने बसवावा. जास्त लावल्याने जास्त थंड होत नाही, ते फक्त कडेने बाहेर येते. कंपनीच्या साध्या कूलरला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात, त्यांपैकी एखादी सुटलेली असणे फार सर्रास आढळते. सेकंडहँड संगणक घेतला तर आधी तेच पाहावे. एका ओळखीच्या बंधूच्या नव्या कूलरखाली कंपनीचे प्लास्टिकचे कागदही तसेच चिकटलेले सापडले होते.

मग जाळीचा प्रश्न, आणि इथे आमचा धंदा कामाला आला. धूळ अडवायची पण हवा जाऊ द्यायची, म्हणजे धागा बारीक आणि छिद्र मोकळे हवे. मांजरपाट, पॉपलीन, टेरीकॉट बाद. मलमल मोकळी असली तरी सुती असल्याने तिचाच तुसा सुटतो आणि तिच्यावर दुसरा तुसा अडकून बसतो. नायलॉनची मच्छरदाणीची जाळी एकेरी लावली तर काम चांगले होते. तिचा तुसा निघत नाही, धुतली की पाच मिनिटांत वाळते. आम्ही दोन तुकडे करून ठेवले आहेत, एक लावलेला आणि एक धुतलेला, दर दुसऱ्या जुम्म्याला बदलतो. जाळी फक्त जिथून हवा आत जाते तिथे लावावी. बाहेर पडणाऱ्या तोंडावर कधीही नाही. आणि आत ओढणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा थोडे जास्त असावेत, म्हणजे पेटीत हवेचा दाब राहतो आणि फटीफटीतून धूळ शिरत नाही. आमच्याकडे पुढे दोन, मागे एक असे आहेत.

पंख्याची दिशा पाहायची तर मधला गोळा धरणाऱ्या काड्या ज्या बाजूला दिसतात, हवा त्या बाजूने बाहेर पडते. शंका असल्यास सुताचा एक धागा समोर धरावा. भाच्याने एका मित्राच्या पेटीत तिन्ही पंखे आत फुंकणारे पाहिले होते, आणि तो मित्र महागडा कूलर आणायला निघाला होता.

आता आवाजाबद्दल. काहींना वाटेल की दुकानात आवाजाचे काय एवढे? आमच्या तरुणपणी माल घ्यायला भिवंडीला जात असू तेव्हा लूमच्या खोलीत माणसे हाताच्या खुणांनीच बोलत. त्या मानाने संगणक काहीच नाही. पण फोनवर गिऱ्हाईक भाव विचारत असते आणि शेजारी घोंगावणे चालू असते, त्याचा त्रास दिवसअखेर डोक्याला कळतो. घरात तर एका भिंतीपलीकडे आमच्या वालिदा झोपतात. त्यांनीच एकदा विचारले होते, ‘‘रात्री पीठगिरणी कोण चालवते?’’

आवाजाची गंमत अशी की गरमी आणि आवाज हे एकाच दोरीचे दोन टोक आहेत. यंत्र तापले की पंखे जोराने फिरतात. पण पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते आणि आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. कानाला १० डेसिबलचा उतार म्हणजेच जवळपास निम्मा आवाज वाटतो. म्हणून एक पंखा पूर्ण वेगाने चालवण्याऐवजी तसेच दोन पंखे निम्म्या वेगाने चालवले, तर हवा तेवढीच मिळते. दोन पंख्यांमुळे आवाजात फक्त ३ डेसिबल भर पडते, म्हणजे एकंदरीत सुमारे १२ डेसिबलचा फायदा. तसेच ८० मिलिमीटरच्या लहान पंख्यापेक्षा १२० किंवा १४० चा मोठा पंखा सावकाश फिरून तेवढीच हवा देतो. घरातल्या छताच्या पंख्याला आठवावे, त्याचे पाते मोठे म्हणूनच तो शांत. चार पिनांचा पंखा घ्यावा, त्याचा वेग बोर्डाला गरजेप्रमाणे कमी-जास्त करता येतो. बायोसमध्ये पंख्याचा तक्ता असतो. त्यात असे ठरवावे की साध्या हिशेबाच्या कामात पंखे हळू फिरतील आणि थोडी गरमी वाढली की लगेच किंचाळणार नाहीत. राहिलेला खडखडाट पत्र्याच्या कंपनाचा असतो. तिवई आणि संगणक यांच्यामध्ये आम्ही नमद्याचा तुकडा घातला, त्याने तो गेला. जुन्या हार्ड डिस्कचा गुरगुराट मात्र डिस्क बदलल्याशिवाय जात नाही.

सर्वांत स्वस्त उपाय आम्ही मुद्दाम मागे ठेवला, कारण त्याला एक पैसाही लागत नाही आणि म्हणूनच तो कोणी विकत नाही. उष्णता निर्माणच कमी होऊ द्यावी. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज १० टक्के उतरवले की तेवढ्याच वेगाला त्या हिश्श्याची वीज सुमारे १९ टक्के घटते. ग्राफिक्स कार्डाच्या प्रणालीत वीज मर्यादेची पट्टी असते, ती उन्हाळ्यात ७५-८० टक्क्यांवर आणावी. खेळाचा वेग त्या मानाने फार थोडा कमी होतो. एएमडीच्या रायझन बोर्डांत ‘इको मोड’ नावाची सोय असते, तीही चालू करावी. आणि खेळणाऱ्या मुलांना एक सांगावे: पडदा सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा असताना कार्ड दीडशे चित्रे बनवत बसले, तर वरची नव्वद फुकट, वीजही फुकट आणि आवाजही फुकट. मर्यादा ६० वर बांधावी. भाच्याने हे केल्यावर रात्रीचा पीठगिरणीचा आवाज निघून गेला.

पाण्याच्या कूलिंगबद्दल बरेच जण विचारतात. त्यात पाणी उष्णता फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी नेते. शेवटी ती त्याच ४० अंशांच्या हवेत सोडावी लागते. पंपाचे आयुष्य ठरावीक असते, आणि बिघडला तर आमच्या भागात सुटे भाग नागपूरहून येतात. मध्यम संगणकाला चांगला हवेचा कूलर पुरतो, असे आमचे मत झाले आहे.

खोलीचा कूलर मात्र खरा उपयोगी. हवा कोरडी असली की पाणी वेगाने उडते आणि उडताना हवेतली उष्णता घेते. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी हवा इतकी कोरडी असते की ४४ अंशांची हवा वाळ्याच्या ताट्यांतून तिशीच्या आसपास उतरते. फक्त कूलरचा झोत सरळ संगणकावर नसावा. पाण्याचे तुषार उडतात, आणि बोअरचे पाणी जड असल्याने पत्र्यांवर पांढरा क्षार जमतो. दोन-तीन हातांवर, तिरप्या हवेत ठेवावा, आणि एक खिडकी उघडी असावी. पावसाळ्यात हवा ओली झाली की कूलर नुसता ओलावा वाढवतो, तेव्हा तो बंद. एसी असेल तर उत्तमच. संगणकाचे ३०० वॅट हे एक टनाच्या एसीच्या ताकदीच्या दहाव्या हिश्श्याहून कमी आहेत, त्यामुळे त्याचा बोजा एसीवर फारसा नाही.

जाता जाता, एसीचा जन्म कोणा धनिकाच्या बंगल्यात झालेला नाही. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील एका छापखान्यात ओलाव्याने कागद फुगू लागला, म्हणून विलिस कॅरिअर याने तो बांधला. आणि ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर या अमेरिकन गृहस्थाने सूतगिरण्यांसाठी काढला, कारण कोरड्या हवेत धागा तुटतो. म्हणजे या थंडाव्याच्या विद्येवर कापडवाल्यांचा हक्क जुना आहे.

लॅपटॉपवाल्या बंधूंनाही दोन शब्द. आपल्या दुकानात गादीवर पांढरी चादर असते आणि लॅपटॉप थेट तिच्यावर ठेवला जातो. बऱ्याच लॅपटॉपची हवा खालून जाते. गादी त्याचे तोंड बंद करते. खाली थानाची लाकडी फळी ठेवा, मागची बाजू बोटभर उचला, एवढ्यानेच फरक पडतो.

गडचिरोलीच्या आतल्या गावांत आणखी एक अडचण असते, ती विजेची. दाब कमी आला की संगणकाचा पॉवर सप्लाय तेवढेच काम करायला जास्त करंट ओढतो आणि स्वतः जास्त तापतो. त्याच्या पंख्यालाही सफाई लागते, पण त्याचे झाकण उघडू नये. आत साठलेली वीज तार काढल्यावरही झटका देते. बाहेरून ब्लोअर मारावा. यूपीएस घ्यायचा तर शुद्ध साइन वेव्हचा घ्यावा. स्वस्त चौकोनी लाटेच्या यूपीएसवर काही चांगले पॉवर सप्लाय अचानक बंद पडतात, आणि मग लोक संगणकाला दोष देतात. वीज गेली की प्लग काढून ठेवावा, कारण परत येते तेव्हा पहिला झटका जोराचा असतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, म्हणून तिकडच्या बंधूंनी एक जादा पंखा आणि पेस्टची एक नळी मे महिन्यातच आणून ठेवावी.

पेस्ट, जाळी आणि दोन नवे पंखे मिळून आमचे सतराशे रुपयांच्या आत काम झाले. दुकानात ३९ अंश असताना पूर्ण जोराच्या कामात प्रोसेसर आता ७८ वर थांबतो. सहाही बिल्ल्यांची नक्षी पुन्हा बसवावी लागली, दोन रात्री गेल्या, पण वडशाचा माल वेळेत पोहोचला.

पावसाळ्यात पेटीच्या रंगीत दिव्यांकडे किडे झेपावतात आणि किड्यांमागे पाल आत शिरते. संध्याकाळनंतर ते दिवे बंद ठेवावेत. यंत्र बरेच दिवस पडून राहणार असेल, तर दर तीन-चार दिवसांनी तासभर चालू करावे, म्हणजे आतला ओलावा सुकतो. मोठी सफाई मात्र फेब्रुवारीच्या शेवटी, ऊन चढण्याआधी करून घ्यावी. मे महिन्यात दुरुस्तीवाल्यांकडे रांग असते.